लाभ, दोन, तीन

डाळींच्या बाबतीत आपला देश स्वयंपूर्ण का होत नाही, याचं उत्तर सरकारी अहवालांत शोधू नका. ते माझ्याकडे आहे. जगात सगळ्यात जास्त तूर आपणच पिकवतो, सगळ्यात जास्त आपणच खातो, आणि तरीही म्यानमार नि मोझांबिकहून मागवतो. मधली तूट माझ्यासारख्यांमुळे पडते.

२०१५ साली तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली, तेव्हापासून घरची तूर पिकवायचं खूळ डोक्यात होतं. निवृत्त झालो, औसा तालुक्यातल्या आमच्या गावी काकूकडे जाऊन राहिलो आणि घरामागचं तुकडाभर रान मागून घेतलं. जमीन काळी, पाऊस बेताचा. तुरीला याहून जास्त काही लागत नाही. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून देतात, त्यामुळे खताचंही फारसं अडत नाही. थोडक्यात, बिघडवायचं म्हटलं तरी बिघडवायला फारशी जागा नसलेलं पीक. होती तेवढी जागा मी शोधून काढली.

बियाणं आणलं बीएसएमआर ७३६, बदनापूरच्या संशोधन केंद्राचं वाण. उगवण झकास झाली. माझी हयात हिशेबखात्यात गेलेली, त्यामुळे जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही. दर रविवारी टेप घेऊन मी रानात. वहीत तारीख, ओळ, झाडाची उंची, शेरा. श्रावण लागला तशी काकू मागे लागली, "शेंडे खुड." दीड महिन्याच्या सुमारास शेंडा खुडला की तूर उंचीचा नाद सोडते आणि फांद्या फोडते, आणि शेंगा लागतात त्या फांद्यांनाच. हे मीही वाचलं होतं. पण वहीतला आलेख सरळ वर निघालेला असताना तो आपल्याच हातानं छाटायचा? उभ्या नोकरीत असलं काम केलं नव्हतं.

एका रविवारी काकू बांधावर येऊन उभी राहिली.

"लेकरा, काय मोजायलास?"

"उंची."

"स्थळ बघायलास का तुरीचं?"

दिवाळीपर्यंत झाडं माझ्या डोक्यावर गेली. मोठ्या घरचं स्थळ यावं अशी एकेक देखणी, पण अंगानं काडी. शेंगा पोखरणारी अळी आली तेव्हा मी शास्त्रशुद्ध पक्षीथांबे रोवले. काठीवर पाखरं बसतात आणि अळ्या टिपतात. पण माझ्या झाडांपुढे काठ्याच बुटक्या पडल्या. पाखरांना त्या दिसल्या की नाही, देव जाणे. जी काही शेंग धरली, तिच्यातला मोठा हिस्सा वेळ अमावस्येला गेला. त्या दिवशी अख्खा लातूर जिल्हा रानात जेवतो, आणि भज्जीला तुरीचे ओले दाणे हवेतच. पाहुणे भज्जी ओरपत माझ्या तुरीचं तोंडभर कौतुक करत होते, आणि मी पानावरच उत्पादनाची घट मांडत होतो.

उरलेली वाळली, ताडपत्रीवर बडवली, पाखडली. मी शहरातून आणलेला ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा मांडला. काकूनं आतून पितळी मापटं आणलं. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालचा. काकू या घरात आली त्यानंतर, पण मापटं सासूच्या हातचं. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली: हे कोष्टक ती स्तोत्रासारखं म्हणते. मापटं ढिगात खुपसून तिनं उचललं, दाणे काठावरून ओघळून टोकदार शिग उभी राहिली, आणि "लाभ" म्हणत तिनं ते टोपल्यात रितं केलं. मग दोन. मग तीन.

लाभ हा आशीर्वाद आहे असं समजून मी वहीत एक लिहिला तो दुसऱ्या मापट्याला. साहजिकच माझ्या हिशेबात एक मापटं कायमचं कमी पडलं. ते कुठं गेलं म्हणून मी भर दुपारी सगळं टोपलं पुन्हा ओतून मोजायला लावलं. पुन्हा "लाभ". पुन्हा एक कमी. शेवटी शेजारच्या पोरानं उलगडा केला: धान्य मोजताना एक म्हणतच नाहीत, लाभच म्हणतात. वजनाचं तर विचारूच नका. प्रत्येक मापटं काट्यावर वेगळं भरे, कारण काकूची शिग माणूस बघून चढते. शेजारणीला द्यायची तेव्हा दाणा सांडेपर्यंत, आणि माझ्यासमोर तळहात फिरवून सपाट.

लातूरला डाळमिला पैशाला पासरी असताना मी जात्याचा हट्ट धरला. तुरीला तेलपाण्याचा हात लावून रात्रभर झाकायची, कडकडीत उन्हात वाळवायची, मग भरडायची. मी उन्हाला पुरता वेळ दिला नाही. ओलसर दाणा दुभंगायच्या ऐवजी चेचला, टरफल डाळीला चिकटून बसलं, आणि खांदा भरून येईपर्यंत ओढूनही डाळीपेक्षा चुणीच जास्त पडली. म्हशीनं ती आवडीनं खाल्ली. माझ्या शेतीवर खूश झालेलं घरातलं ते एकच माणूस.

राहिलेल्या डाळीची आमटी मी स्वतः केली. बोअरच्या जड पाण्यात ती शिजायला टाकली आणि चव मुरावी म्हणून चिंचही सुरुवातीलाच घातली. जड पाण्यानं डाळ मऊ पडत नाही, आंबटानं तर आणखीच दडदडीत राहते. शिट्ट्यांमागून शिट्ट्या झाल्या, सिलिंडर संपत आला, आणि आमटीत डाळ खड्यासारखी तळाशी. काकूनं एक घास घेतला, दाताखालची डाळ बोटानं काढून ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाली, "उंची चांगली आली होती."

२०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. टेप, काटा, जात्याची टाकी आणि सिलिंडर धरून माझी डाळ किलोला काय पडली ते मी काढलं आहे. वहीचं ते पान फाडून टाकलं.

बियाण्यापुरती तूर काकूनं राखेत घालून ठेवली आहे. येत्या मृगात कुणाला लावायची असेल तर खुशाल घेऊन जा, फुकट आहे. फक्त मागायची काकूकडे. माझ्याकडून सपाट मिळेल.