सटवाईचे खाते आता संघराज्याकडे

मुलींच्या खेळांचे रक्षण करू पाहणाऱ्या अमेरिकी संघीय विधेयकात लिंगाची जी व्याख्या दिली आहे, तिच्याइतकी निर्धास्त व्याख्या कायद्याच्या वाङ्मयात क्वचितच आढळते. व्यक्तीचे लिंग केवळ तिच्या जन्मवेळच्या प्रजननरचनेवरून आणि जनुकांवरून मानावे, असे ती सांगते. कनिष्ठ सभागृहाने एप्रिल २०२३ मध्ये २१९ विरुद्ध २०३ आणि जानेवारी २०२५ मध्ये २१८ विरुद्ध २०६ मतांनी तिला संमती दिली. परंतु जन्मवेळी जनुके पाहतो कोण, हा प्रश्न कोणाला पडला असल्यास त्याची खूण विधेयकाच्या मजकुरात उमटलेली नाही.

मूल जन्माला आले की डॉक्टर किंवा सुईण एक नजर टाकते, मुलगा की मुलगी ते सांगते, आणि तीच नजर पुढे जन्मदाखल्यावर जाऊन बसते. गुणसूत्रतपासणी, म्हणजे पेशीतील ४६ गुणसूत्रे मांडून त्यांतील लिंगाशी संबंधित जोडी ओळखणे, ही नवजात बालकांची सरसकट केली जात नाही. टाचेला टोचून जे रक्त घेतात ते चयापचयाचे व तत्सम जन्मजात आजार शोधण्यासाठी असते. याचा अर्थ असा की, कायद्याला जो पुरावा हवा आहे तो बहुसंख्य नागरिकांच्या बाबतीत कधी निर्माणच झालेला नाही. मराठी मुलखात पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लेख लिहिते, अशी समजूत आहे. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवावी लागते, आणि तीही बिचारी पाचव्या दिवसापर्यंत धीर धरते. संघीय कायदेकर्त्यांना तेवढी सवड नाही. त्यांचा लेख नाळ कापण्यापूर्वीच लिहून तयार असतो. सटवाईच्या बाजूने इतके तरी म्हणावे लागेल की तिचे अक्षर कोणालाच वाचता येत नाही, त्यामुळे ते दाखवून कोणत्याही मुलीला शाळेच्या संघातून बाहेर काढता येत नाही.

विधेयकाचा रोख पारलिंगी मुलींवर, म्हणजे जन्मवेळी मुलगा अशी नोंद झालेल्या परंतु स्वतःची ओळख मुलगी अशी असलेल्या विद्यार्थिनींवर आहे. सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या १९७२ च्या तरतुदीलाच ही व्याख्या जोडून, त्यांना मुलींच्या संघातून खेळू देणे हाच भेदभाव ठरवायचा, अशी ही योजना आहे. महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रातील सुमारे ५,१०,००० खेळाडूंत पारलिंगी खेळाडू दहाहूनही कमी असल्याची माहिती डिसेंबर २०२४ मध्ये एका सुनावणीत पुढे आली होती. त्यानंतर महिन्याभरातच कनिष्ठ सभागृहाने विधेयक पुन्हा मंजूर केले. त्यातही, कोणा मुलीची जागा जात नसेल तर याच विद्यार्थिनींना मुलींच्या संघाबरोबर सराव करण्यास विधेयकाची हरकत नाही, म्हणजे ज्या धोक्यासाठी संघराज्य जागे झाले तो सामन्याची शिट्टी वाजल्यावरच उत्पन्न होतो.

प्रजननरचना आणि जनुके यांची साक्ष नेहमी जुळतेच असे नाही, हे क्रीडाक्षेत्राला फार पूर्वी कळले आहे. अटलांटा येथील १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये ३,३८७ महिला खेळाडूंची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा आठ जणींमध्ये पुरुषलिंगाशी संबंधित जनुक आढळले. त्यांतील बहुतेकींचे शरीर पुरुषी संप्रेरकाला पूर्णतः किंवा अंशतः प्रतिसाद देत नव्हते, आणि आठही जणींना खेळू देण्यात आले. अशी मुलगी या विधेयकाच्या कोणत्या रकान्यात बसवायची? उत्तर नाही. पडताळणी कोणी, केव्हा आणि कोणत्या साधनाने करायची, याचेही नाही; आणि कायदा जेथे गप्प बसतो तेथे शेजारपाजारचे बोलू लागतात. अमेरिकेतील एका राज्यात २०२२ साली एका शाळकरी मुलीने स्पर्धा जिंकली, मागे पडलेल्या मुलींच्या पालकांनी तिच्याविषयी तक्रार केली, आणि तिला वा तिच्या घरच्यांना न सांगता तिची थेट बालवाडीपासूनची कागदपत्रे उपसण्यात आली. सर्वत्र मुलगी अशीच नोंद निघाली. तिचा अपराध जिंकण्याचा होता. उंच, बळकट, आखूड केसांची, वयात उशिरा येणारी अशी प्रत्येक मुलगी उद्या या संशयाखाली धावणार आहे, आणि हा संशय मुलींच्या रक्षणाच्या नावाने पोसला जात आहे, ही निव्वळ निर्लज्जता आहे! मुलींच्या शाळांत मैदान नाही, शिक्षिका नाही, कपडे बदलायला खोली नाही, अशा तक्रारी वर्षानुवर्षे धूळ खात पडतात तेव्हा हे रक्षक कोणत्या प्रेक्षकसज्जात बसलेले असतात, हेही एकदा मोजले पाहिजे.

मोजण्याचे काम विधेयकाने दुसऱ्याच कोणावर तरी सोपवले आहे. पारलिंगी मुलींना खेळू दिल्याने इतर मुलींचे कोणते लाभ बुडतील, याचा अभ्यास सरकारी हिशेबतपासनिसाने करावा, असे २०२३ च्या मसुद्यात नमूद होते. बंदी आधी आणि कारणांचा शोध नंतर, तोही लाभ बुडणार हे गृहीत धरून!

मार्च २०२५ मध्ये वरिष्ठ सभागृहात हे विधेयक ५१ विरुद्ध ४५ मतांवर अडले, कारण चर्चा पुढे नेण्यास ६० मते लागतात. ते पुन्हा येईल. तेव्हा त्याच्या बाजूने हात वर करणाऱ्या प्रत्येक सदस्याने आधी स्वतःचा जन्मवेळचा गुणसूत्र-अहवाल, डॉक्टरच्या सहीनिशी, सभागृहाच्या पटलावर ठेवावा.