तारांकित नीतिमत्ता

ग्रँट रोडला राहणाऱ्याला नीतिशास्त्राचा वेगळा क्लास लावावा लागत नाही. एकीकडे रॉयल ऑपेरा हाउस आणि हिऱ्यांच्या पेढ्या, केनेडी ब्रिजच्या कडेला मुजऱ्याच्या कोठ्या, स्टेशनापलीकडे कामाठीपुऱ्याच्या गल्ल्या. या सगळ्याच्या मधोमध चाळ पाडून उभा राहिलेला आमचा टॉवर. खालच्या मजल्यांवरून समोरच्या बारची जांभळी पाटी दिसते, वरच्या मजल्यांवरून समुद्र. या दृष्टिशुद्धीचे बिल्डर फुटामागे जादा पैसे लावतो. त्याला फ्लोअर राइज म्हणतात.

हा शोध काही बिल्डरचा नाही, सरकारचा आहे. २००५ साली डान्सबार बंद झाले, कारण तरुण पिढी बिघडत होती. मात्र तीन तारे आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने यांना सूट. तिथली पिढी बहुधा आधीच सुधारलेली असावी. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने हा भेदभाव रद्द केला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. सरकारने बोध घेतला आणि २०१४ मध्ये पंचतारांकितांवरही बंदी घातली. महाराष्ट्रात समता अवतरली ती अशी!

पुढे २०१६ चा नवा कायदा आला. देवळापासून, शाळेपासून बार एक किलोमीटर लांब हवा म्हणे. मुंबईत ही अट पाळायची तर बार होडीत काढावा लागला असता. २०१९ मध्ये न्यायालयाने ती उडवली. वेळ मात्र ठेवली, रात्री साडेअकरापर्यंतच. टिप द्यायला हरकत नाही, नोटा उधळायच्या नाहीत.

उधळायच्याच असतील तर आमचं क्लबहाउस आहे. परवा एका संगीताला नवरदेवाच्या मामांनी कोऱ्या नोटांचं बंडल नाचणाऱ्यांवरून ओवाळून हवेत सोडलं. वेटर वाकून नोटा वेचत होते, बायका मोबाइलवर शूटिंग करत होत्या. समोर हे घडलं की दौलतजादा, आमच्याकडे घडलं की संस्कार. साडेअकराला शिपायाने बारचं शटर पाडायला लावलं आणि मग आमच्या गेटवर येऊन पाहुण्यांच्या गाड्यांना वाट करून दिली.

पिण्याचंही तसंच. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे इथे घोट घ्यायलाही परवाना लागतो, आणि तो आरोग्यरक्षणासाठी मिळतो. म्हणजे दोन्हीकडे पेशंटच. बारमधले जनरल वॉर्डात, आमचे टेरेसवरच्या स्पेशल रूममध्ये.

आता सोसायटीने बारविरुद्ध अर्ज केलाय. आवाज, गर्दी, मुलांवर होणारे परिणाम, सगळं सविस्तर लिहिलंय. पहिली सही एकतिसाव्या मजल्यावरच्या शेठजींची. बार त्यांचाच आहे. पण घरात वाढत्या वयाच्या मुली आहेत, आणि अर्जावर काही कारवाई होणार नाही याची व्यवस्था ते दरमहा न चुकता करतात.