चिरंजीवांचं घोरणं आणि सिडनीचं यंत्र

पॅरामाटा, सिडनी

ती. आई आणि ती. आबा यांना सूनबाईचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आपले चिरंजीव घोरतात ही तिकडे देवपुरात काही बातमी नव्हे. उन्हाळ्यात सगळं बिऱ्हाड गच्चीवर झोपायचं तेव्हा बापलेकांची जुगलबंदी पलीकडच्या गल्लीपर्यंत जायची आणि ‘गडी कसा ढाराढूर झोपलाय’ म्हणून आईंना बरंच वाटायचं. सिडनीत गच्ची नाही आणि भिंती प्लास्टरबोर्डच्या. परीक्षेच्या आठवड्यात नातवाने अंथरूण गुंडाळलं आणि गॅरेजमध्ये गाडीशेजारी मुक्काम हलवला.

आवाजाची सूनबाईला सवय होती. भीती वाटायची ती मधल्या शांततेची. सूर चढत जायचा, एकदम बंद पडायचा. छाती खालीवर होतेय, पण नाकातोंडातून वारा नाही. मग चिरंजीव दचकून, धापा टाकत पुन्हा सुरू. सकाळी डोकं जड आणि ऑफिसच्या मीटिंगमध्ये डुलक्या. अखेर त्यांना डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

तपासणी घरीच झाली. नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून रात्रभर झोपायचं. श्वास दहा सेकंद किंवा जास्त अडला की एक नोंद. तासाला पाचाच्या आत असेल तर ठीक, तीसच्या पुढे गंभीर. चिरंजीव शाळेत कधी पहिल्या वर्गात आले नाहीत, इथे मात्र सरळ वरच्या श्रेणीत पास झाले. आजाराचं नाव स्लीप ॲप्निया.

कारण साधं आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट अरुंद होते आणि कांद्याच्या ट्रॉलीवरची ताडपत्री वाऱ्याने फडफडावी तशी पडजीभ आणि मऊ टाळू थरथरतात. हे नुसतं घोरणं. वाटच बंद झाली की ॲप्निया. मानेवरची चरबी, चोंदलेलं नाक, मागे सरकलेला जबडा, रात्रीची दारू, झोपेची गोळी, उताणं झोपणं यांनी त्यात भर पडते. लहान मुलांत बहुतेकदा टॉन्सिल आणि ॲडेनॉइड वाढलेले असतात. पुरुषाच्या शर्टाची कॉलर 17 इंचांच्या पुढे गेली तर डॉक्टरांच्या भुवया वर जातात. आबांचं माप आग्रा रोडवरच्या शिंप्याकडे असेलच.

उपायांची यादी चिरंजीवांनी हॉटेलच्या मेनूकार्डासारखी वाचली. वजन उतरवा, हे त्यांनी शेवभाजीची आठवण काढत बाजूला ठेवलं. दातांचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी करून देतात. ती सौम्य त्रासाला चालते. टाळूची शस्त्रक्रिया आहे, पण ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेने लठ्ठपणाबरोबर ॲप्निया असणाऱ्यांसाठी टिर्झेपॅटाइड इंजेक्शनला मान्यता दिली. चिरंजीवांना भावला तो डिजेरिडू! इथल्या आदिवासींचं हे लांबलचक फुंकवाद्य रोज वाजवल्याने ॲप्निया कमी होतो, असं स्वित्झर्लंडमधल्या 25 जणांच्या अभ्यासात 2006 साली दिसलं. त्याला 2017 चं इग नोबेल हे गमतीदार संशोधनाचं पारितोषिकही मिळालं. घरात एक वाद्य पुरे, असं सूनबाईने सांगितलं.

शेवटी आलं ते सीपॅप. नाकावर मुखवटा आणि त्यातून सतत हवेचा दाब, म्हणजे घसा मिटत नाही. हे याच गावात जन्मलं. पूर्वी गंभीर रुग्णाच्या गळ्याला भोक पाडण्यावाचून इलाज नव्हता. रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरची हवा उलटी नाकात सोडली आणि 1981 साली पाच रुग्णांचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये छापला. चिरंजीवांनी पहिल्या रात्री मुखवटा दोनदा फेकला. आता लावल्याशिवाय झोपत नाहीत आणि नातू गॅरेजमधून परतला. व्हिडिओ कॉलवर आबांनी ‘हाई काय बांधी लिन्हं नाकले?’ विचारलं होतं, त्याचं हे सविस्तर उत्तर.

पत्राचं खरं काम पुढेच आहे. आबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, बातम्या लागल्या की दहा मिनिटांत मान छातीवर येते, आणि तरी ते स्कूटरवरून बाजारात जातात. हा आजार रक्तदाब वाढवतो. फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी कारण म्हणून हाच आजार सांगितला होता. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया यांनी नेहमीच्या तपासणीला आलेले पुरुष पाहिले, त्यांतल्या साडेसात टक्क्यांना तो निघाला. 2004 सालचा अभ्यास आहे.

तर आईंनी एवढं करावं. आबा झोपले की मोबाईल उशाशी ठेवून आवाज रेकॉर्ड करावा आणि तो घेऊन त्यांना हिरे मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात दाखवावं. झोपेची तपासणी कुठे होईल ते तिथेच विचारावं. आबा रात्री झोपेची गोळी घेतात, हे डॉक्टरांना आधी सांगावं. ते स्वतःहून सांगणार नाहीत.

आपली,
सूनबाई