सॅम, मॅम आणि साहेब

देशातलं कुपोषण नेमकं कुठे कमी झालं हे शोधायला मेळघाटात किंवा नंदुरबारात जायची गरज नाही. दिल्लीची प्रेस नोट पुरते. २०२३च्या ऑक्टोबरात जागतिक भूक निर्देशांकात भारताला १२५ देशांत १११वा क्रमांक मिळाला. त्यावर केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने ठणकावून सांगितलं की, तुम्ही आमची १८.७ टक्के बालकं उंचीच्या मानाने लुकडी धरलीत, पण आमच्या पोषण ट्रॅकरवर हा आकडा महिनोन्‌महिने ७.२ टक्क्यांच्या खालीच आहे. परदेशी संस्थेला चोख उत्तर मिळालं. अडचण एवढीच की, सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९ ते २०२१ या काळातली, लुकडेपणा १९.३ टक्के असल्याचं सांगते, आणि ते सर्वेक्षण पार पाडणारी संस्था कुठे परदेशात नाही, आपल्या मुंबईतल्या देवनारला आहे. म्हणजे १९.३ही सरकारचेच आणि ७.२ही सरकारचेच. अवघ्या दोन वर्षांत, तेही टाळेबंदीतून उठता उठता, लुकडी मुलं जवळपास तिसऱ्या हिश्शावर आली असतील, तर हा वैद्यकाच्या इतिहासातला अचंबाच म्हणायचा. पण एरवी साध्या बसथांब्याच्या उद्‌घाटनाला फलकावर मावणार नाहीत इतकी नावं सापडतात, आणि या पराक्रमाचा कर्ता म्हणून कुणी पुढे यायला तयार नाही. इतका विनय आपल्या राज्यकारभारात दुर्मीळच.

या ट्रॅकरचं बालपण आठवावं. १ मार्च २०२१ला तो सुरू झाला. अंगणवाडी सेविकांना त्यात मुलांच्या नोंदी भरायच्या होत्या, आणि ॲप होतं इंग्रजीत. हातातले फोन त्या ॲपच्या वजनाने मान टाकत होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी मोर्चे काढून ते फोन सरकारला परत केले. यानंतर काही आठवड्यांनी, १४ ऑक्टोबर २०२१ रोजी ट्रॅकरवर काय दिसत होतं ते माहितीच्या अधिकारात बाहेर आलं: महाराष्ट्रात ६ लाख १६ हजारांवर कुपोषित बालकं, देशात पहिला क्रमांक. त्यांतली ४,५८,७८८ तीव्र कुपोषित, म्हणजे खात्याच्या बोलीत ‘सॅम’, आणि फक्त १,५७,९८४ मध्यम, म्हणजे ‘मॅम’. ज्याने अंगणवाडीचं रजिस्टर एकदा जरी चाळलं असेल त्याला इथेच ठेच लागायला हवी. तीव्र कुपोषणापर्यंत मूल मध्यम कुपोषणाच्या पायरीवरून जातं, त्यामुळे साधारणपणे वस्तीत मॅम जास्त आणि सॅम कमी असतात. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात या राज्यातली लुकडी मुलं २५.६ टक्के होती आणि त्यांतली तीव्र १०.९. इथे मात्र तीव्र मध्यमांच्या जवळपास तिप्पट. हा आकडा कुपोषणाचा असण्यापेक्षा नोंदीतल्या गोंधळाचा असण्याची शक्यता कितीतरी मोठी होती. आकडा छापून आला, सत्ताधाऱ्यांनी नाक मुरडलं, विरोधकांनी निवेदनं दिली. हे गुणोत्तर असं उलटं कसं, असं विचारायला फार कुणी थांबलं नाही. विदा-विश्लेषणाचा एवढा बोलबाला असलेल्या देशात दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याचं काम मात्र कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

आता ७.२ टक्क्यांकडे वळू. त्यासाठी माप कसं घेतात ते जवळून पाहायला हवं. दोन वर्षांखालच्या मुलाची आडवं झोपवून लांबी घ्यायची, त्यापुढच्याची उभं करून उंची. आडवं केलेलं मूल भोकाड पसरतं आणि गुडघे पोटाशी घेतं. मदतनीस डोकं फळीला टेकवून धरते, आई वरून थोपटते, सेविका एका हाताने गुडघे दाबून दुसऱ्या हाताने तळपायाशी सरकपट्टी लावते आणि मूल पुन्हा लाथ मारायच्या आत आकडा वाचते. गुडघा जरा वर राहिला की सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर गेलेच. लुकडेपणा ठरतो उंचीच्या मानाने वजन किती यावरून. उंची कमी भरली तर तेवढंच वजन त्या उंचीला पुरेसं ठरतं. मूल नोंदीत बुटकं होतं, पण लुकडं राहत नाही. उंची न मोजता मागच्या महिन्याचीच पुन्हा टाकली तरी तेच, कारण वजन पुढे सरकतं आणि उंची जागच्या जागी राहते. पोषण ट्रॅकरवरचं चित्र नेमकं याच वळणाचं आहे: खुजेपणा सर्वेक्षणाच्या आसपास, आणि लुकडेपणा तेवढा रोडावलेला. पट्टी तीच, काटा तोच, सेविका तीच. एक आकडा सर्वेक्षणाशी जुळतो आणि दुसरा त्याला ओळखही दाखवत नाही. उंचीची नोंद हेच एकमेव कारण असेल असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण ही शंकासुद्धा ज्याला येत नाही त्याला विश्लेषक कशाला म्हणायचं? देशभर कोट्यवधी बालकांची मापं दरमहा गोळा होतात आणि त्यांचं जे काही होतं त्याला रंगकाम म्हणतात. जिल्हा हिरवा, तालुका पिवळा, अंगणवाडी लाल.

आणि लाल कुणालाच नको असतो, खरी मेख तिथे आहे. आढावा बैठकीत, म्हणजे हल्ली व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये, ‘व्हीसी’त, साहेबांचा पहिला प्रश्न असतो, ‘तुमच्याकडे सॅम का वाढले?’ तो बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडून मुख्यसेविकेकडे आणि तिच्याकडून सेविकेकडे उतरत जातो. वाटेत त्याची नोटीस होते. मन लावून मुलं शोधणाऱ्या सेविकेची अंगणवाडी लाल होते, आणि घरबसल्या आकडे भरणारीची हिरवी राहते. मग लाल अंगणवाडीवालीने पुढच्या महिन्यात काय करावं, अशी अपेक्षा आहे? तिला मानधन मिळतं, पगार नाही. २०२३च्या डिसेंबरात ते वाढवून घेण्यासाठी राज्यातल्या सेविकांना महिना उलटून गेला तरी संपावर बसावं लागलं. तिच्याकडून सत्याग्रहीच्या बाण्याची अपेक्षा ठेवणं हे सचिवालयातल्या गादीवरून फार सोपं असतं. एकाच आकड्यावरून रोग किती आहे तेही मोजायचं आणि काम किती झालं तेही मोजायचं असं ठरवलं, की रोग कामाच्या सोयीने कमी होऊ लागतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी अशी धोक्याची सूचना १९७०च्या दशकातच देऊन ठेवली होती. आपल्याकडे ती अजून इंग्रजी ॲपमधून मराठीत यायची असावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: कागदी रजिस्टरं काय हरिश्चंद्राची होती? नव्हतीच. २००१ साली गडचिरोलीतल्या ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सोबतच्या स्वयंसेवी संस्थांनी ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. गावोगाव मोजलेले बालमृत्यू आणि सरकारी दप्तरातले बालमृत्यू यांत केवढी दरी आहे ते त्याने दाखवलं. तेव्हाही मुलं मरत होती आणि रजिस्टर सुदृढ होतं. फरक इतकाच की तेव्हाचं खोटं तालुक्याच्या कपाटात धूळ खायचं. आताचं त्याच संध्याकाळी दिल्लीत पोचतं आणि संसदेतल्या उत्तरात जाऊन बसतं. पण त्या अहवालातून निघणारी खरी गोष्ट वेगळी आहे. मोजणीत दोष असेल तर ती बाहेरच्या माणसाने पुन्हा करावी लागते. गडचिरोलीत ‘सर्च’चाच नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग झाला, त्यातही गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांनी बाळांची वजनं घेतली, आजार टिपले, उपचार केले. पण जन्म-मृत्यूंची नोंद घरोघर फिरून पुन्हा तपासली जात होती. म्हणूनच नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलं आणि जगाने ते मानलं. पुढे २०११पासून तेच काम देशभरच्या ‘आशा’ स्वयंसेविकांकडे आलं. विदेने लोकांचं आरोग्य सुधारतं यावर आमचा पूर्ण विश्वास आहे तो यासाठीच. शंका आहे ती तपासणीविना हिरव्या होणाऱ्या विदेबद्दल.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सर्वेक्षण चार-पाच वर्षांनी येतं, तोवर त्यातलं मूल शाळेत गेलेलं असतं. ट्रॅकर दर महिन्याला नावानिशी मूल दाखवतो. अगदी खरं, आणि त्याचा उपयोग तिथेच आहे. अमुक पाड्यावरचं अमुक मूल दोन महिने वजनात वाढलेलं नाही, त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यायचं, तिथे खाट रिकामी आहे का, गाडी कोण देणार, आईची बुडालेली मजुरी कोण भरून देणार, एवढं त्या नोंदीतून निघालं तर ट्रॅकरसारखं दुसरं साधन नाही. पण देशात लुकडेपणा किती टक्के, या प्रश्नाचं उत्तर त्याने देऊ नये. त्याच्यात अंगणवाडीत आलेली आणि मापलेली मुलंच असतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेलेलं मूल त्या महिन्यापुरतं देशाच्या टक्केवारीतूनच स्थलांतर करतं. यादृच्छिक नमुन्यातल्या घरांत जाऊन मोजणाऱ्या सर्वेक्षणाला असं स्थलांतरित कुटुंब गाठणं जड जातं, पण निदान मूल अंगणवाडीत आलं की नाही यावर त्याचा आकडा अवलंबून नसतो, आणि सर्वेक्षकाच्या मानधनाला लाल-हिरव्याची भीती नसते.

उपाय तसे स्वस्त आहेत. प्रत्येक जिल्ह्यातल्या मोजक्या अंगणवाड्या चिठ्ठ्या टाकून निवडायच्या, त्यांतली मुलं त्याच आठवड्यात बाहेरच्या माणसांकडून पुन्हा मोजून घ्यायची आणि दोन्ही मापांतला फरक जाहीर करायचा. सॅम बालक शोधून काढणाऱ्या सेविकेला नोटीस द्यायची नाही, शाबासकी द्यायची. व्हीसीतला प्रश्न बदलून ‘तुमच्याकडे सॅम इतके कमी कसे?’ असा करायचा. यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. वजनकाटा, मोटारसायकल आणि बातमी वाईट आली तरी ऐकून घेणारा अधिकारी एवढ्यात भागतं. पण पैसे आणि डोकं दुसरीकडे लागलं. सरकारला गळतीची फार काळजी. बोगस लाभार्थी आहार लाटतात हा तिसरा आक्षेप, आणि तोही खोटा नाही. त्यावर तोडगा म्हणून १ जुलै २०२५पासून घरी न्यायचा आहार देण्याआधी चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. जिथे रेंज नाही त्या पाड्यावर बाई आधी फोनसमोर मान हलवते, मग डोळे मिचकावते, मग सेविका फोन घेऊन रेंज शोधत उंचवट्यावर चढते. आहार न्यायला आलेली बाई खरंच तीच आहे ना, याची शासनाला इतकी खातरजमा हवी आहे. तिचं मूल गेल्या महिन्यात खरंच नोंदीइतकं भरलं होतं का, हे पडताळायचं काम मात्र अजून एकाही सर्व्हरकडे सोपवलेलं नाही.