बेदाण्याच्या छायाचित्रांविषयी आबांस सविस्तर

म्युनिक, शनिवार



व्यापारी संकेतस्थळावरील छायाचित्र हे ग्राहकाच्या हाती न येणाऱ्या मालाचा नमुना होय. तासगावच्या सौद्यात व्यापारी बेदाणा मुठीत घेऊन, दाबून, प्रसंगी तोंडात टाकून पारखतो, तर संकेतस्थळावर ते सारे काम एकट्या डोळ्याला करावे लागते. पत्र ग्रंथाच्या भाषेत नसेल तर वाचले जाणार नाही, ही आबांची फोनवरील ताकीद येथे पाळली असून, लेखन कपडे धुण्याच्या दोन खेपांमध्ये चालले आहे, कारण रविवारी यंत्र लावले की खालच्या आजी काठीने छत ठोकतात.

आपल्या बेदाण्याच्या संकेतस्थळासाठी दादांनी पाठवलेल्या चाळीस छायाचित्रांचा मुख्य दोष रंगाचा आहे. बेदाण्याचा दर रंगावर ठरतो, आणि हिरव्या शेडनेटखाली पिवळा मालही हिरवा दिसतो, शिवाय दादाही. मूठभर माल सावलीत, मोकळ्या आभाळाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि त्या कागदावरूनच 'व्हाइट बॅलन्स', म्हणजे पांढरे ते पांढरेच दिसावे यासाठीची रंगजुळणी, करावी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबले जाऊन त्यातील सुरकुत्या पुसट होतात, म्हणून ते 'डॉक्युमेंट' म्हणून धाडावे. मग रुंदी सुमारे १६०० पिक्सेल, म्हणजे तितके बारीक ठिपके, एवढी ठेवून वेबपी या हलक्या स्वरूपात साठवल्यास पान चटकन उघडते. धाकट्याने इंटरनेटवरून उचललेले कॅलिफोर्नियाचे मनुके वगळले आहेत: एक तर त्यांवर हक्क दुसऱ्याचा, आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या बेदाण्याने परका चेहरा लावावा, हे दादांच्या लग्नातील मुंडावळ्यांच्या अल्बमपेक्षाही वाईट.

येथील कायदा मात्र बेदाण्यापेक्षा माणसांना अधिक जपतो. १८९८ साली जर्मन मुत्सद्दी बिस्मार्क निवर्तले तेव्हा दोन छायाचित्रकारांनी रात्री खोलीत शिरून त्यांच्या पार्थिवाचे चित्र टिपले. त्या गदारोळाचे पर्यवसान १९०७ च्या कायद्यात झाले, आणि ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे चित्र तिच्या संमतीवाचून प्रसिद्ध करता येत नाही, हा नियम आजही चालतो. मिरवणुकांना त्यात सूट असल्याने गेल्या ऋषिपंचमीचा गणपतीचा रथ व दोर ओढणारे अवघे तासगाव बिनधास्त छापता येते. सुकवणीच्या रॅकवर माल पसरणाऱ्या एकट्या आईच्या चित्राला मात्र तिची संमती लागते. सूनबाई या मुद्द्यावर जर्मनांहून जर्मन झाल्या आहेत.

गावाकडच्या बातम्यांपैकी, शेजारच्या बोअरला लागलेले पाणी आपल्याच विहिरीचे, हा आबांचा सिद्धांत येथे एकमताने मान्य झाला असून, आक्कांच्या जावयांनी द्राक्षबाग काढून ऊस लावल्याबद्दल दोन दिवस सुतक पाळण्यात आले. यंदा तरी रथाला येणार का, या आईच्या प्रश्नापुरते सांगायचे तर रजेचा अर्ज गेला आहे.

एकविसाव्या चित्रात रॅकच्या कडेला आई उन्हासाठी पदर डोक्यावर ओढून उभी आहे. मालाव्यतिरिक्त जे काही चौकटीत येईल ते कापावे असे शास्त्र सांगते, तरीही ते चित्र येथे कोणीच कापलेले नाही. आईने लेखी संमती हिरव्या बेदाण्याच्या पुडीबरोबर धाडावी. मागची पुडी मंगळवारीच संपली.