अनुशेष अखेर शून्यावर

1984 साली दांडेकर समितीनं महाराष्ट्रातल्या विकासाचा अनुशेष मोजला तो जिल्ह्यांना राज्याच्या सरासरीशी ताडून. त्यातून निष्कारण कटुता वाढली. फिक्स्ड इफेक्ट्स मॉडेल अधिक सुसंस्कृत. इथं बीडची तुलना पुण्याशी होतच नाही, होते ती कालच्या बीडशी. प्रत्येक जिल्ह्यातून त्याचीच सरासरी वजा करायची. पर्जन्यछाया, समुद्रापासूनचं अंतर, असं जे जे वर्षानुवर्षं हललं नाही, ते समीकरणातून सन्मानानं गळतं. उरलेला सहगुणक एवढंच सांगतो, की त्याच जिल्ह्यात सिंचन वाढलं तेव्हा उत्पन्न किती हललं. (अहवालात मात्र ‘जास्त सिंचनाचे जिल्हे श्रीमंत’ असंच छापावं, आकड्यापुढे सार्थकतेच्या तीन चांदण्या असल्या की कोण विचारतो!)

जिथं सिंचन कधी हललंच नाही, तिथं सरासरी वजा केल्यावर रकानाभर शून्यं. म्हणजे कालवा न दिल्याचा काही परिणाम आढळत नाही. शिवाय स्वतःच्या सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज नेमकी शून्य येते. एक रुपयाही न खर्चता अनुशेष फिटला!

काही ठिकाणी कालव्याचं काम चालू असल्याचं कळतं. ते त्वरित थांबवावं. पाणी पोचलं, तर ती गावं मॉडेलला दिसू लागतील.