आश्रमशोध

मातोश्रींसाठी वृद्धाश्रम निवडण्याचा प्रसंग आला म्हणजे सुविद्य पुत्राच्या ठायी अशी काही चिकित्सक बुद्धी जागृत होते की, कन्येसाठी स्थळ पाहणाऱ्या पित्यानेही तिच्यापुढे हात टेकावेत. लिफ्ट आहे काय, बाग केवढी, अनामत रकमेपैकी परत किती, या बाबींची तो कसोशीने शहानिशा करतो. मात्र रात्रपाळीस किती वृद्धांमागे एक परिचारिका असते आणि अंथरुणाला खिळलेल्यांची कूस कोण बदलते, असल्या क्षुल्लक चौकशीस त्याला सवड उरत नाही. सरकारही याबाबत उदासीन नाही: २००७ च्या कायद्याने जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार वृद्ध सामावतील असा निदान एक आश्रम अपेक्षिला आहे आणि मातापित्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यास ३ महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा फर्मावल्या आहेत. आता खासगी आश्रमाच्या अनामतीशी या दंडाची तुलना एखाद्या हिशेबी सुपुत्राने केलीच, तर तो अंकगणिताचा दोष मानावा, संस्कारांचा नव्हे! राहता राहिली मातोश्रींची संमती. ती मात्र सर्व कागदपत्रे रुजू झाल्यावर, सोयीस्कर सवडीने, गृहीत धरण्याचा प्रघात आहे.